रकाना नऊ : निरंक

"शुक्रवारी चारच्या आत माझ्या टेबलावर पाहिजे. आणि खाडाखोड अजिबात चालणार नाही," असे म्हणत हेडक्लार्क पाणीपुरवठा कार्यालयाच्या लांबट खोलीत टेबलागणिक एकेक कागद ठेवत निघाले होते. आवक-जावकच्या टेबलापाशी आल्यावर ते जरा थांबले. "बाई, तुमचं बरंय बघा. आलेलं पत्र लिहायचं, गेलेलं पत्र लिहायचं. गरीब गाय. तुमचा फॉर्म दोन मिनिटांत भरून होईल."

बाई हसल्या. कागद हातात घेतला आणि हसू तिथेच थिजले.

स्वयंघोषणापत्रात अकरा रकाने होते. नाव, पत्ता, शिक्षण, घरातली माणसे इथपर्यंत सगळे सरळ होते. नवव्या रकान्यात लिहिले होते : 'गेल्या दहा वर्षांत कोणतेही पुस्तक, चित्रपट, माहितीपट वा कार्यक्रम यांच्या निर्मितीत प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष सहभाग असल्यास तपशील द्यावा. नसल्यास निरंक असे लिहावे.' खाली बारीक टायपात, माहिती दडवल्याचे आढळल्यास काय होईल, तेही दिले होते.

पलीकडच्या ओळीत एक टेबल रिकामे होते. तिथे नकाशे काढणारा आरेखक बसायचा. कुठल्याशा पुस्तकाचे मुखपृष्ठ काढून दिले म्हणून त्याला मागच्या महिन्यात बोलावणे आले. तीन आठवड्यांनी परतला, दोन दिवस कामावर आला. डबा उघडायचा, त्याकडे बघायचा आणि पुन्हा बंद करायचा. तिसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही, आणि का आला नाही हे कुणी कुणाला विचारले नाही.

बाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग पर्स ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवरला कुलूप लावले. मग कुलूप ओढून पाहिले.

बाई ह्या कार्यालयात लागल्या त्याला चार वर्षे झाली होती. त्याआधी अकरा वर्षे त्या एका लहानशा स्टुडिओत परभाषेतल्या चित्रपटांना सबटायटल्स लिहीत असत. पडद्यावरचा माणूस बोलतो आणि खाली दोन ओळी उमटतात, त्या ओळी. एका ओळीत पस्तीस अक्षरे, फार तर सदतीस. वाचायला चार सेकंद. माणूस कितीही बडबडला तरी बाईंनी त्याला दोन ओळींत बसवायचे. पुढे ते काम यंत्रे करू लागली, स्टुडिओचे मालक वारले, स्टुडिओला टाळे लागले आणि बाई पाण्याच्या तक्रारींची नोंद करू लागल्या.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी एका माहितीपटाच्या ओळी लिहिल्या होत्या; त्याचा ध्वनीही त्याच स्टुडिओत झाला होता. नाव होते 'शिस्तीचे दिवस'. कुठल्या तरी लांबच्या देशात, शंभरेक वर्षांपूर्वी, फॅसिझम कसा आला आणि बघता बघता घराघरांत कसा शिरला, त्याची हकिगत. तेव्हा त्याचे कौतुक झाले होते. गेल्या वर्षी मात्र वरच्या एका माणसाने भाषणात त्याचे नाव घेतले. हा माहितीपट त्या देशावर नाही, आपल्यावरच आहे, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी माहितीपट गायब झाला.

बाकीच्या कामांवर बाईंचे नाव कधीच जात नसे, पण ह्याचे त्यांना नीट आठवत होते. काम संपले तेव्हा मालक म्हणाले होते, "बाई, ह्या वेळी तुमचंही नाव टाका शेवटी. फार जीव लावलात." बाईंनी लाजत शेवटची ओळ टाइप केली होती, स्वतःच्या नावाची. पण ती पुढे ठेवली की काढली, ते त्यांना माहीत नव्हते. अख्खा माहितीपट त्यांनी कधी सलग पाहिलाच नव्हता.

नाव असेल आणि निरंक लिहिले, तर मेलो. नाव नसेल आणि आपणहून सांगितले, तरी मेलो. म्हणजे आधी तो कुठे दिसतो ते शोधायला हवे. आणि शोधायचा तो कुणाच्याही नजरेत न येता.

"त्यात काय, टीव्हीवर बघू," बाईंचे यजमान म्हणाले. ते निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. चाळीस वर्षे लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यामुळे त्यांना कशाचीच भीती वाटत नसे, निदान ते तसे सांगत. त्यांनी रिमोटने एकेक अक्षर वेचायला सुरुवात केली. शि... स्ती... चे... पडद्यावर अक्षरे हाताएवढी मोठी दिसत होती आणि समोरच्या इमारतीतून सहज दिसावीत अशी खिडकी उघडी होती. पाटी आली : 'हा कार्यक्रम आपल्या भागात उपलब्ध नाही.'

"दुसरीकडे बघू. अजून तीन-चार ठिकाणं आहेत."

बाईंनी उठून सरळ प्लगच उपटला.

"अगं, काय करतेस! शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा ह्यांना एवढा त्रास का व्हावा? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय."

"हळू बोला हो. भिंतींना कान असतात."

"आपल्या भिंतींना? त्या साध्या खिळ्याचं ऐकत नाहीत, तो आत जातच नाही."

बाईंना हसू आले नाही. सकाळी यजमानांनी बातम्यांसाठी टीव्ही लावला, तर पहिलीच चौकट होती : 'खास तुमच्यासाठी सुचवत आहोत – शिस्तीचे दिवस. सध्या उपलब्ध नाही.' यजमानांनी टीव्ही बंद केला आणि उठून खिडकीही लावून घेतली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बाई सार्वजनिक ग्रंथालयात गेल्या. तिथे जुने चित्रपट बघायची एक खोली होती. खिडकीवरची मुलगी गोड हसली, एक वही पुढे सरकवून म्हणाली, "आधी इथे तुमचं नाव, पत्ता आणि काय बघायचंय ते लिहा, काकू. मग मी आत सोडते." वही नवीकोरी होती. वरच्या दोनच ओळी भरलेल्या होत्या आणि त्यातल्या एका नावापुढे कुणीतरी लाल पेन्सिलीने बारीक टिंब दिले होते.

"मला... विणकामाचं काही आहे का?" बाईंनी विचारले.

"विणकामाचं नाहीये, काकू."

"मग राहू दे," म्हणून त्या निघाल्या. जिन्याच्या कठड्याला धरून त्या एकेक पायरी उतरल्या आणि रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आले, की आपण विनाकारण उलट दिशेने चाललो आहोत.

मग त्यांना कानसेन आठवला.

स्टुडिओतला ध्वनिमुद्रक. तानसेन नव्हे पण कानसेन, म्हणून सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. स्टुडिओ बंद पडल्यावर त्याने श्रवणयंत्रांचे दुकान टाकले होते. बुधवारी कार्यालय सुटल्यावर बाई तिथे पोचल्या. दुकानात एक गिऱ्हाईक होते. कानसेनने बाईंकडे पाहिले, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही आणि म्हणाला, "कानाची तपासणी ना? बसा आत."

आत एक काचेची, जाड दाराची खोली होती. माणूस कसाबसा मावेल एवढी. त्याने बाईंच्या कानांवर हेडफोन चढवले, दार लावून घेतले आणि स्वतः बाहेर यंत्रापाशी, माइकला ओठ लावून बसला. आधी बारीक 'टुँ' असा आवाज आला, मग त्याचा स्वर अगदी कानाच्या आत ऐकू आला.

"बोला, बाई. आतला आवाज बाहेर जात नाही, फक्त माझ्या कानात येतो. अधूनमधून हात वर करत राहा, म्हणजे तपासणी चाललीय असं वाटेल."

बाईंनी हात वर केला. मग सगळे सांगितले : फॉर्म, नववा रकाना, टीव्ही, ग्रंथालयातली वही. सांगता सांगता रडू फुटले, तरी हात मधूनमधून वर होतच होता.

"मिळेल," कानसेन म्हणाला. "एकाच ठिकाणी आहे. कर्णबधिरांची ती संस्था आहे ना, नदीपलीकडची? त्यांच्या साइटवर. शालेय इतिहास, भाग चार. मीच टाकलाय."

"तू?"

"तुमच्या ओळी होत्या ना त्याला. बहिऱ्या मुलांना बघता येईल असं आपल्याकडं होतंच किती? टाकला. पुढं सगळीकडून काढला, पण तिथं कुणी फिरकलंच नाही. बहिऱ्यांकडं कोण बघतंय, बाई? पासवर्ड लागत नाही, नाव विचारत नाहीत."

"त्यात माझं नाव आहे का रे?"

"नाही," तो म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला. "निरंक लिहा आणि मोकळ्या व्हा."

"तुझं?"

काचेपलीकडे त्याने मान खाली घातली आणि यंत्राचे बटण दाबले. 'टुँ.'

बाईंचा विश्वास बसला नाही. कानसेन खोटे बोलणारा नव्हता, पण धीर देण्यासाठी माणूस काय वाटेल ते बोलतो.

गुरुवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी दार लावून, खिडक्या ओढून, नवराबायको यजमानांचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून बसले. आवाज पूर्ण बंद केला होता. बाईंना त्याची गरजही नव्हती.

मोर्चे दिसले, झेंडे दिसले, बाल्कनीतून हात हलवणारी माणसे दिसली. पण माहितीपट मुख्यतः त्यांच्याविषयी नव्हताच. तो एका पोस्टमनविषयी होता, एका शाळामास्तरविषयी, नव्या पाट्या रंगवून देणाऱ्या एका रंगाऱ्याविषयी. खाली बाईंच्याच ओळी एकामागून एक येत होत्या आणि त्यांना त्या परक्या कुणाच्या वाटत होत्या. कुठल्याशा जुन्या मुलाखतीतली एक म्हातारी आली. खुर्चीत बसलेली, मांडीवर हात ठेवलेली. खाली उमटले :

'ते आमच्या घरी कधी आलेच नाहीत.
यायची गरजच पडली नाही.'

ह्या ओळीवरून मालकांशी झालेला वाद बाईंना आठवला. 'दोन-दोन च कशाला, बाई? जागा वाचवा.' बाई अडून बसल्या होत्या. म्हातारीचा सगळा जीव त्या दोन च मध्ये आहे, असे तेव्हा त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा तो भाषेचा प्रश्न होता.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

यजमानांनी फोन उचलला आणि काय करावे न सुचून तो पिठाच्या डब्यात खुपसला. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पुन्हा बेल. यजमानांनी दार उघडले.

"पाण्याचं मीटर बघायचंय," दारातला माणूस म्हणाला. मग आत डोकावून, "अरे, बाई तुम्ही! आज ऑफिसला नाही? बरं नाही का? चेहरा पांढराफटक पडलाय."

"ताप आहे थोडा," बाई म्हणाल्या.

तो आकडा लिहून, काळजी घ्या म्हणून निघून गेला. लिफ्टच्या खड्ड्यात चाळीस वर्षे उतरलेल्या माणसाचे हात कोपरापर्यंत पिठाने भरले होते. "मीटरवाला होता गं," ते दोनदा म्हणाले. "नुसता मीटरवाला."

फोन पुसून त्यांनी उरलेला भाग पाहिला. शेवटी काळ्या पडद्यावर नावे चढू लागली. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन. ध्वनीच्या पुढे कानसेनचे खरे नाव. मग स्टुडिओचे नाव. मग खाली, जिथे बाईंची ओळ यायला हवी होती, तिथे काहीच आले नाही. नुसता काळा पडदा, तीन सेकंद. मग चित्र संपले.

"नाहीये!" यजमान ओरडलेच. "सुटलो! नाहीये तुझं नाव!"

बाईंनी ती जागा मागे नेऊन पुन्हा पाहिली. पुन्हा एकदा पाहिली. तीन सेकंद. एवढी वर्षे सेकंद मोजूनच त्यांनी पोट भरले होते. कुणी लिहिलेच नसते, तर चित्र आधीच संपले असते. इथे एक ओळ होती, आणि ती कुणीतरी पुसली होती.

शुक्रवारी सकाळी कार्यालयात जाण्याआधी त्या दुकानात गेल्या. कानसेन नुकताच शटर वर करत होता.

"कधी काढलंस?"

त्याने इकडेतिकडे पाहिले. "ते भाषण झालं ना, त्याच रात्री."

"आणि स्वतःचं?"

"माझं नाव चित्रातच कोरलंय, बाई. ते निघत नाही. तुमचं सबटायटलच्या फाइलमध्ये होतं, वेगळं. एक ओळ पुसली, झालं." तो थांबला. "रागावलात?"

"रागावू कशी? जीव वाचवलास माझा."

"मग अशा का बघताय?"

"अकरा वर्षांत एकदाच नाव लिहिलं होतं रे," बाई म्हणाल्या. "तू सांभाळून राहा. तो काढून टाक तिथून."

"काढीन, काढीन," तो म्हणाला. दोघांनाही ठाऊक होते, की तो काढणार नाही.

त्या दिवशी साडेतीन वाजता बाईंनी नवव्या रकान्यात लिहिले : निरंक. अक्षर नेहमीसारखेच, मोत्याच्या दाण्यासारखे. हेडक्लार्कांनी शिक्का मारला. "म्हटलं नव्हतं, दोन मिनिटांचं काम?" असे म्हणून तो कागद त्यांनी ढिगात सरकवला. बाई घरी आल्या, जेवल्या, लवकर झोपल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर त्या झोपेचीच त्यांना लाज वाटली.

पुढच्या आठवड्याच्या शनिवारी यजमान बाहेरून आले ते चपला न काढताच उभे राहिले.

"संस्थेला कुलूप लागलंय. आणि कानसेनला नेलंय, बुधवारीच. दुकानात त्याची बायको बसलीय एकटी."

बाई पदर खोचून काहीतरी चिरत होत्या. त्यांनी विळी आडवी केली.

"तू कुठं निघालीस? हे बघ, आपण सुटलोय. कागदावर शिक्का बसलाय. आता आपण होऊन..." बाई चपला शोधत होत्या. शेवटी यजमानांनीच त्या कपाटाखालून काढून दिल्या.

दुकानात चार माणसे बसली होती. सगळी म्हातारी, सगळ्यांच्या हातात बंद पडलेली यंत्रे. कानसेनची बायको गल्ल्यामागे उभी राहून घसा फोडून सांगत होती, "ते नाहीयेत! नंतर या!" आणि कुणालाच ऐकू येत नव्हते. कुणी आपले यंत्र पुढे करत होते, कुणी मान डोलावून पुन्हा बसत होते. बाईंना पाहून तिचा चेहरा पिळवटला. तिने काही न बोलता नुसत्या डोळ्यांनी रस्त्यापलीकडे दाखवले. समोरच्या शिंप्याच्या पायरीवर करड्या शर्टातला एक माणूस वर्तमानपत्र घेऊन बसला होता. पान उलटत नव्हता.

"सकाळपासून आहे," ती पुटपुटली.

परत फिरावे असे बाईंच्या मनात येऊन गेले. कान तपासायला आले होते, डॉक्टर नाहीत, असे म्हणायचे आणि निघायचे. त्यांनी तसे एक पाऊल मागे घेतलेही. तेवढ्यात त्या चौघांतला एक उंच म्हातारा उठला आणि गल्ल्यावर हात आपटून म्हणाला, "माझं यंत्र मिळणार की नाही ते एकदा सांगा!"

आवाज असा, की शोकेसची काच झणझणली. हा म्हातारा पस्तीस वर्षे कोर्टात पुकारा करणारा शिपाई होता. वादी-प्रतिवादींची नावे तो अशी पुकारायचा, की आवाराबाहेरच्या टपरीवरचा माणूस चहा टाकून धावत यायचा. कान गेले होते, गळा शाबूत होता.

बाईंनी गल्ल्यावरचा कागद ओढला आणि ठळक अक्षरांत लिहिले. म्हाताऱ्याने तो नाकाशी धरला आणि कोर्टाच्या सवयीने मोठ्याने वाचला.

"'आज मिळणार नाही. ते इथे नाहीत.' नाहीत म्हणजे? गेले कुठं?"

रस्त्यावरचे दोघे-तिघे थबकून बघू लागले. बाईंनी लिहिले.

"'चौकशीला नेलं आहे.'" म्हाताऱ्याचा आवाज जरा खाली आला, म्हणजे फक्त रस्त्यापलीकडे पोचेल इतका. "चौकशीला? त्या सज्जन माणसाला? कशाबद्दल?"

कानसेनच्या बायकोने बाईंचे मनगट धरले. "बाई, नको. माहीत नाही म्हणून लिहा."

बाईंनीही तेच लिहायला घेतले होते. 'मा' लिहून झाला होता. समोरच्या पायरीवर वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज इथवर आल्यासारखा वाटला. त्यांनी तो 'मा' खोडला. नव्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. सवयीने अक्षरे मोजली. बसत होती.

म्हाताऱ्याने कागद लांब धरला, जवळ धरला आणि वाचला.

"'शिस्तीचे दिवस ह्या माहितीपटाबद्दल. आवाज त्यांचा, अक्षरं माझी.'"

बाकीचे तिघे त्याच्या ओठांकडे बघत होते. मग त्याने कागद परत बाईंपुढे ठेवला आणि त्यावर बोट टेकवले.

"माझी म्हणजे कुणाची? बिननावाचा कागद चालत नसतो. नाव घाला खाली."

मनगटावरची पकड घट्ट झाली, आणि मग हळूहळू सुटली.

बाईंनी नाव घातले. स्वतःचे, फॉर्मवर लिहिले होते तेच, आडनावासकट. म्हाताऱ्याने ते आधी मनात वाचले. मग दाराकडे तोंड केले, छाती भरून श्वास घेतला आणि पस्तीस वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे ते नाव तीनदा पुकारले.

समोरच्या पायरीवरचा माणूस उठून उभा राहिला.

बाईंनी कागद सरळ केले, पेन पुन्हा हातात धरले आणि बंद यंत्र घेऊन बसलेल्या पुढच्या म्हाताऱ्याला समोरच्या खुर्चीत यायची खूण केली.